बोंबलांच्या वाळूची हद्द

“सही कर,” मामलेदार म्हणाले.

“नाही करत,” मी म्हणालो. तेही इतक्या जोरात की मुरुडच्या बाजारातल्या माशा उडाल्या असतील.

इंग्रजांच्या अमदानीतली, एकोणीसशे तिसाच्या सुमाराची गोष्ट. शहराला लागून असलेल्या आमच्या कोळीवाड्याच्या सॅनिटरी कमिटीत मी ओव्हरसियर होतो. सॅनिटरी कमिटी म्हणजे गटारं, विहिरी, दिवाबत्ती बघणारं छोटं सरकार. ऑफिस एक, कपाट एक, रुबाब मात्र व्हाइसरॉयचा. वरून हुकूम आला: कमिटी बंद, कोळीवाडा शहराच्या म्युनिसिपालिटीत. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पण नवी हद्द आखताना त्यांच्या सर्व्हेअरने बोंबील वाळवायची वाळूही आत ओढली. शहरात मासळी वाळवायला बंदी. म्हणजे अख्ख्या वाड्याच्या चुली विझणार. आणि त्या नकाशावर कमिटीतर्फे सही लागायची ती माझी.

ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, हद्द भरतीच्या रेषेपर्यंत. सर्व्हेअर पडला घाटावरचा. त्याने अष्टमीला पाणी जिथे थांबलं तिथे खुंट्या ठोकल्या. अष्टमीची भरती मरतुकडी, तिला भांग म्हणतात. अमावास्या-पुनवेला उधाण येतं, तेव्हा पाणी बोंबील टांगायच्या काठ्या ओलांडून वर चढतं.

“साहेब, अमावास्येला येऊन बघा. मग सही.”

“महिनाअखेर तुझी कमिटी बंद होतेय, कळतंय ना?”

“तोवर चालू आहे ना!”

बोंबील वाळवणाऱ्या बायांची पुढारी धाकलीबाय कमरेवर हात ठेवून पुढे आली. “सायब, खुंटी मारून दर्या थांबतो व्हय? म्हशीगत?”

अमावास्येला मामलेदार सर्व्हेअरला घेऊन आले. मी कमिटीची खुर्ची खुंट्यांपासून दहा पावलं वर मांडून त्यांना अदबीने बसवलं. बाराच्या सुमारास खुंट्या बुडाल्या. मग साहेबांचे बूट.

“हे काय रे?”

“काही नाही साहेब. नकाशाप्रमाणे तुम्ही कोरड्या जमिनीवर बसलाय.”

“लाट जरा मोठी आली,” सर्व्हेअर पुटपुटला.

“आवो, भरती आजून व्हायची हाय,” धाकलीबाय म्हणाली. “पाय वर घ्या.”

मामलेदार खुर्चीवर उभे राहिले. वाडा असा हसला की नांगरलेल्या होड्यांची शिडं फुगली. साहेबांनी तिथेच, उभ्याउभ्या, हुकूम लिहिला: हद्द उधाणाच्या रेषेवर, वाळू शहराबाहेर. त्यावर मी झोकात सही ठोकली.

महिनाअखेर कमिटी गेली, माझी नोकरीही गेली. बोंबील वाळूवरच राहिले.

नोकरी जाणारच असेल, तर सही शेवटपर्यंत राखून ठेवावी. जाणाऱ्या माणसाला घाबरवायला साहेबाकडे दुसरं काही उरलेलं नसतं.