मिरच्यांचा ठसका आणि मनोऱ्यातली राजकन्या

आज सुनेनं नातवाची दृष्ट काढून मिरच्या गॅसवर धरल्या आणि मला ठसका लागला, तो थेट वडीगोद्रीच्या आमच्या जुन्या घरातला.

तेव्हा वीज गेली की आमचा टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चाले. रविवारी परीकथेची मालिका असे. राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा होता, मान हलली की कपाळावर घसरे. तरी सगळी आळी अदबीनं मांडी घालून बसे. त्या भागात राजानं राजकन्येला मनोऱ्यात कोंडलं. कारण काय, तर तिला लोकांची नजर लागेल.

"बराबर केलं," काका म्हणाले. घरात शेवटचा शब्द त्यांचा. माझ्या थोरल्या बहिणीचं, उषाताईचं, नर्सिंगसाठी जालन्याला जाणं त्यांच्यापाशीच अडलं होतं. "आपल्या पोरीलाबी नजर लागंल."

आई उठली. ताईवरून मीठ-मिरच्या उतरवून तिनं चुलीत टाकल्या. नजर लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही, हे आमच्याकडं लहान पोरंही जाणतात. त्या संध्याकाळी असा धूर झाला की राजवाडा दिसेना. काका खोकून बेजार झाले.

"बघा भाऊजी, कुणाचीच नजर लागली न्हाई," आई शांतपणे म्हणाली. "मंग जाऊ द्या की तिला उद्याच्या एसटीनं."

नाही म्हणायला काकांकडं श्वासच उरला नव्हता. ताई गेली, आणि नर्स होऊनच परतली.

तेव्हा मला तो दृष्टीचा कौल वाटला होता. आज आईचा फार अभिमान वाटतो, कारण एरवी ती दोन-चार मिरच्या घेई. त्या दिवशी तिनं चुलीत चांगल्या दोन मुठी टाकल्या होत्या.