अकरा वाजताची वाट

रस्ता रुंद असला की माणूस सुखी, असं मी उभा जन्म मानत आलो. नोकरीच आरेखकाची. रस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे काढता काढता केस पांढरे झाले, आणि निवृत्तीनंतर मी बुलढाण्यातच राहिलो. घाट चढून आलं की हवा गार, कचेऱ्यांकडचे रस्ते ऐसपैस, कडेला झाडं आणि चालणाऱ्यांसाठी वेगळा फूटपाथ. संध्याकाळी तिथून फिरताना मला अजूनही वाटतं, की शहर असावं तर असं.

माझी मोठी ताई खामगावला, जुन्या बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहते. तिथं दुकानांच्या पायऱ्या रस्त्यात, रस्त्यावरचा माल पायऱ्यांवर आणि उरलेल्या जागेत हातगाड्या, मोटरसायकली आणि एखादी निवांत गाय. त्या बाजारातून जाताना माझं डोकं फिरायचं. हा नकाशा कोणी काढला, त्याला एकदा भेटायचंय, असं मी म्हणायचो. ताई म्हणायची, "कोणीच नाही काढला, म्हणून तं बरा हाय."

काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्या गर्दीत ती एकटी कुठं पडली, तर? कोणाला कळणार? या एका विचारानं मला झोप येईना. तिला बुलढाण्याला आणायचंच, असं मी ठरवून टाकलं.

"पंधरा दिवस येईन," ती म्हणाली. "पण मले एकटीनं चालता आलं पाह्यजे. कोणाचा हात धरून मी जगणार नाही."

म्हणणं रास्त होतं. मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत एकशे चाळीस पावलं, तिथून उजवीकडे दोनशे दहा की देऊळ. दोनदा चालून खात्री केली. ताईनं आकडे पाढ्यासारखे पाठ केले. दोन दिवस मी सोबत गेलो, तिसऱ्या दिवशी रविवारी सकाळी ती एकटी निघाली.

तासभर झाला तरी ती परतली नाही, म्हणून मी धावतच निघालो. एका बंद कचेरीच्या फाटकाशी ती उभी होती, गज दोन्ही हातांनी धरून. फूटपाथवर कोणीतरी गाडी लावली होती. तिला वळसा घालताना मोजणी चुकली, आणि मुळात मोजणीच चुकीची होती. मी माझी लांब पावलं मोजली होती. तिचं पाऊल माझ्या निम्म्याहून थोडं मोठं. दोन दिवस माझ्या आवाजामागे ती नीट आली होती, म्हणून दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"कोणाला विचारायचं नाही का?" मी उलट तिच्यावरच ओरडलो.

"कोणाले इचारू? गाड्या जाऊन राह्यल्या. माणसाचा आवाजच नाही."

तिचे हात गार पडले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर पाणी पिऊन ती म्हणाली, "उंटावरचा शहाणा हायेस तू. आता माह्या गावात चाल. पण संग नाही, मांगून. अन् तोंड बंद ठेव."

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही घाट उतरलो. मंगळवारी सकाळी अकराला ती पिशवी घेऊन भाजीला निघाली. मी दहा पावलं मागे. पहिल्याच वळणावर अडखळलो तो मीच.

कापडवाल्यानं मीटरपट्टीवरून नजर न काढता म्हटलं, "मावशी, पायरी." तिनं पाय उचलला. भांडेवाल्यानं पळीनं ताटावर दोन टोले दिले, आणि ती तिथून डावीकडे वळली. चांदीवाल्यांच्या ओळीत हातोड्या वाजत होत्या. त्या आवाजाच्या कडेकडेनं ती अशी चालली, की मलाच भरभर पाय उचलावे लागले. बांगड्यांच्या दुकानातले म्हातारे चाचा आतून म्हणाले, "बाई, पानी मारा है, जरा संभालके." हात मात्र एकानंही धरला नाही.

आणि मग माझ्या शिकल्या-सवरल्या डोळ्यांना ते दिसलं. दुकानांच्या कडेनं हातभर वाट मोकळी होती. जिथं वितभर जागेवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात, तिथं हातभर! पोती आत ओढलेली, मोटरसायकल पलीकडे लावलेली, चपलांचा ढीग मागे सरकवलेला. ताई पुढे गेली की मागे पोतं पुन्हा बाहेर, मोटरसायकल पुन्हा जागेवर. तिच्यापुरता रस्ता तिच्यापुढे उघडत होता आणि तिच्यामागे मिटत होता. मी भर बाजारात तोंड उघडं टाकून उभा राहिलो. आयुष्यभरात असा एक रस्ता मला काढता आला नव्हता.

परत फिरून भांडेवाल्याला विचारलं, "हे रोज करता?"

"अकराले मावशी निघते न. अकराले आमी सरकतो."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाले कायले पाह्यजे?" त्यालाच माझं नवल वाटलं.

"आणि एखाद्या दिवशी नाही आली तर?"

"तं मी घरी जाऊन पाह्यतो. मांगच्या पावसाळ्यात तापानं पडून व्हती. आमीच दवाखान्यात नेलं, चार दिवस आळीपाळीनं बसलो. तुमाले नाही सांगतलं तिनं?"

नव्हतं सांगितलं. माझे डोळे भरून आले, ते त्याच्या ताटांमध्ये बघून लपवले.

ताई खामगावलाच राहिली. मी बुलढाण्याला परतलो आणि स्टँडवरून घरापर्यंत चालत आलो. हवा गार होती, झाडं होती, फूटपाथ होता. वाटेत मला कोणी काही म्हटलं नाही. घराचं कुलूप मीच काढलं. मी परत आलो हे कोणाला कळलं नाही, आणि मी आलो नसतो तरी कळलं नसतं. एकटं कोण राहतं, हे त्या संध्याकाळी मला समजलं.

आता दर मंगळवारी मी खामगावला असतो. अकराला ताईच्या मागे पिशवी घेऊन निघतो. गेल्या खेपेला ती पुढे गेल्यावर पोतं बाहेर यायला जरा वेळ लागला. कापडवाला खाली बघतच म्हणाला, "भाऊ, पायरी."

मला चांगलं दिसतं. तरी मी पाय उचलून टाकला.