जावयाच्या हातची सुई

जळफळाट कशाला म्हणतात, हे मला धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं शिकवलं. माणूस वाईट नाही. अमरावतीत नोकरी, गोड बोलणं, घरात आला की आधी बाबांच्या पाया पडणं. पण बाबांची जुनी पांढरी गाडी त्याला मिळाली, आणि मी बघत राहिलो.

धोंड्याचा महिना होता. जावयाला अकोल्याला जेवायला बोलावलेलं. बाबांच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं गाडी चालवणं बंद झालं होतं. ताटावर तो सहज म्हणाला, "मामाजी, अशी गाडी आता पाहाले नाही भेटत." बाबा म्हणाले, "मंग घेऊन जा ना!"

माझा घास हातातच राहिला. अहो, उन्हाळ्यात त्या गाडीखाली पाठ भाजून घेतली कोणी? मी! कार्बोरेटर उघडला की बाबा डोक्यावर उभे. "स्क्रू कावून एवढा आवळून राहिला? हात हाय का हातोडा?" आणि हा कोण कुठला, अनारसे खाता खाता गाडीचा मालक झाला.

जेवण झाल्यावर त्यानं गाडी चालू करून पाहिली. चालू व्हायची, पण अॅक्सिलरेटर दाबला की गचके खाऊन बंद. मला लगेच कळलं, टाकीतला कचरा जेटमध्ये अडकला. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला छोटा पितळी स्क्रू. त्याच्या बारीक भोकातून इंजिनाला मोजकं पेट्रोल जातं. तो काढायचा, पेट्रोलमध्ये धुवायचा, सायकलच्या पंपानं हवा मारायची. संपलं काम. मी पाना घेऊन पुढे झालो, तर बाबा म्हणाले, "थांब. जवाईबापू पाहून राहिले ना."

जवाईबापूंनी मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला, जेट काढला आणि बहिणीला हाक मारली, "सुई आन बरं एक."

सुई! जेटमध्ये सुई घालायची नाही, हा आमच्या घरातला कायदा. भोक जरा जरी मोठं झालं तरी पेट्रोल जास्त जातं आणि गाडी काळा धूर ओकते. लहानपणी मी नुसती तार जवळ नेली होती, तर बाबांनी कानाखाली वाजवली होती. मी बाबांकडे पाहिलं. ते पाहत होते. सुई आत गेली, गरागरा फिरली, आणि बाबा काय म्हणाले? "वा! बराबर हाय!" धोंड्याच्या महिन्यात जावयाला चुकलं म्हणणार कोण? गाडीनं भकाभका काळा धूर सोडला, तर म्हणे, "निघून राहिला आतला कचरा." माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

ठरवलं, तोंडातून शब्द काढायचा नाही. घेऊन जा म्हणावं उद्या. मूर्तिजापूरच्या अलीकडेच प्लग काळे होऊन गाडी रस्त्यात बसेल. होऊ दे शोभा! ते डोळ्यांपुढे आणून मला फार बरं वाटत होतं.

सकाळी सगळे चहाला बसले होते. मी अंगणात गेलो तर गाडीच्या पांढऱ्या पाठीवर काजळी. ते मला पाहवेना. तिचा काय गुन्हा होता त्यात? सुट्या सामानाच्या डब्यात दोन नवे जेट होते. त्यातला एक काढून बसवला, प्लग साफ केले, बॉनेट लावलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

दुपारी अमरावतीहून जावयाचा फोन. "मामाजी, मक्खन चालली! सुईनं काम केलं!"

"तुमच्या हाताले गुणच हाय, जवाईबापू," बाबा म्हणाले. मी समोरच दात खात बसलो होतो.

फोन ठेवून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. डब्यातला दुसरा नवा जेट.

"ते निघाच्या आधी मी बदलाले गेलो होतो," बाबा म्हणाले. "पाहातो तं आधीच बदलेला." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले वाटलं होतं, तू नाही करशीन."

म्हणजे माझ्या मनात काय शिजतंय, हे त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं. जावयाला त्यांनी गाडी दिली. मला हा पितळी जेट दिला.