दुसऱ्याच फेरीत माझं नाव

मंडळी, आज सकाळी मवालेहच्या मैदानावर आमच्या फुटबॉल लीगचे कप्तान आळीपाळीने खेळाडू निवडत होते. आमच्या सलीमभाईंनी दुसऱ्याच फेरीत माझं नाव घेतलं आणि संघाचे चाहते खवळले.

"अहो, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस घेताय? तो गोल मारणारा पोरगा हातचा गेला ना!"

मला मान वर करवेना. सलीमभाईंना म्हटलं, "मला शेवटी घेतलं असतं तरी चाललं असतं."

"आणि तोवर दुसऱ्याने नेलं असतं तर? तू असलास की पोरं आपसांत भांडत नाहीत. यल्ला, चल, बूट चढव!"

सरावाचा सामना आम्ही हरलो. चाहते अजून चिडलेलेच आहेत. पण ऑपरेशननंतर मी स्वतःला मोडीतच काढलं होतं, आणि आज कुणीतरी मला आवर्जून निवडलं. सलीमभाई, मनापासून आभार!

तुमच्यावर असा विश्वास कुणी टाकलाय?