क्लाराला कोण पाठवणार

फेबियनला आमच्या ऑफिसात परेशने आणला, आणि त्याच दिवशी मी परेशला सांगितलं होतं की हा माणूस महिनाभरही टिकायचा नाही. कंप्युटरसमोर तो खुर्चीच्या टोकावर बसायचा, आत्ता कोणी येऊन उठवेल अशा बेतानं. माऊस धरायचा तोही ब्रशसारखा, बोटांच्या चिमटीत. पन्नाशीकडे झुकलेला माणूस. आयुष्यभर त्यानं भुईगावात आणि आसपास दुकानांच्या पाट्या रंगवल्या, नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती रंगवल्या, आणि ऑक्टोबर सरत आला की दफनभूमीतल्या क्रुसांवरची नावं. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्याआधी गावातली घरं आपापली थडगी धुऊन घेतात, आणि उन्हापावसानं उडालेली अक्षरं फेबियन पुन्हा भरून द्यायचा. मग फ्लेक्स आले नि पाट्यांचं काम गेलं. क्रुसावर अजून तरी कोणी फ्लेक्स लावत नाही, पण वर्षातून एकदाच्या कामावर घर कसं चालणार?

ऑफिस कसलं, वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला दोन खोल्यांचा फ्लॅट होता तो. साल २००६. परदेशी गेम कंपन्यांना लागणारी चित्रं आम्ही काढून द्यायचो आणि ती गेममध्ये नीट बसली का ते तपासून द्यायचो. परेश मालक. मी संपदा, विरारहून यायची. क्लायंटशी ईमेलवर गोड शब्दांत भांडणं हे माझं काम, आणि ते मला बरं जमायचं.

त्या वर्षी पूर्व युरोपातल्या एका छोट्या कंपनीचा गेम आमच्याकडे आला. तिकडच्या जुन्या लोककथांवर बेतलेला. काळं जंगल, न सरणारा हिवाळा, आणि त्यात आपण गाव वसवायचं. लाकूड तोडायचं, घरं उभी करायची, धान्य साठवायचं. प्रत्येक घरात चुलीमागे एक म्हातारा राहतो. त्याला भाकरतुकडा ठेवला नाही तर तो रुसतो आणि घरात आजारपण घालतो. तळ्यात एकजण बसलेला, तो पाण्याला आलेल्या बायकांना खाली ओढतो. आणि ह्या सगळ्यांवर रानाचा धनी. धान्य संपत आलं की तो गावाकडे एक माणूस मागतो. कोणाला पाठवायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. नाही ठरवलं तर अख्खं गाव गारठून मरतं. परेश मूळचा रानाकडच्या चांदीप गावचा. तो म्हणाला, "आपल्याकडचा वाघोबाच हा. फक्त ह्याचं कोंबडीवर भागत नाही."

गावातल्या माणसांचे चेहरे काढायचं काम फेबियनकडे गेलं. आणि त्यानं मला खोटं पाडलं. काय एकेक चेहरे काढले त्या माणसानं! तळंसुद्धा काढलं ते भुईगावच्या वाड्यांमधल्या बावखलासारखं, कडेच्या दगडी पायऱ्यांसकट. क्लायंट खूश झाला. एवढंच लिहिलं त्यानं, की माणसं उत्तम आहेत, पण सगळी आत्ताच चर्चमधून बाहेर पडल्यासारखी का दिसतात?

हे मी फेबियनला विचारलं तेव्हा तो जराही न लाजता म्हणाला, "मेलेली मानसं हायत ती, मॅडम. आमच्या गावची."

"सगळी?"

"सगळी. ते रानातलं एकेकाला मागतंय ना. मी जित्या मानसाचं तोंड काढलं नि उद्या त्याला काय झालं, तं? हे गेलेले हायत. ह्यांचं आता कोन काय करनार?"

इतकी वर्षं ज्यांची नावं क्रुसांवर भरली त्यांनाच त्यानं त्या बर्फात नेऊन वसवलं होतं. मी हसले. परेशही हसला. क्लायंटला मी कळवलं की कलाकार धार्मिक आहे.

त्या गावात भट्टीपाशी पाव भाजणारी एक बाई होती. लाल शाल, एक भुवई किंचित वर. ती फेबियनची बायको, क्लारा. आदल्या वर्षी गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, मुंबईच्या एका हॉस्पिटलात काही दिवस काढले आणि गेली. पुढचा दात तुटका म्हणून फोटो काढताना ती तोंडावर हात ठेवायची, त्यामुळे घरात तिचा धड एकही फोटो नव्हता. फेबियननं तो हात बाजूला केला होता. चित्रात ती तुटक्या दातासकट हसत होती. मला ते चित्र फार आवडायचं, आणि त्याच्याकडे फार वेळ बघवायचंही नाही.

चेहरे झाले, मग तपासणी आली. प्रत्येक माणसाला एकदा रानाच्या धन्याकडे पाठवून बघायचं. चालताना अडखळतो का, झाडांत शिरताना चित्र फाटतं का. फेबियननं एकेकाला पाठवलं. गावचा मास्तर गेला, सुईण गेली, त्याचा स्वतःचा बाप गेला. सगळे व्यवस्थित गेले. उरली क्लारा.

तिच्यापाशी येऊन तो थांबायचा. माऊस धरून नुसता बसायचा. रानाचा धनी वाट बघून बघून चिडायचा, बर्फ वाढत जायचं, चुली विझायच्या आणि गाव मरायचं, क्लारासकट. मग फेबियन पुन्हा पहिल्यापासून गाव बांधायला घ्यायचा. तो आठवडा त्यानं ह्यात घालवला. परेशनं गोडीत सांगून पाहिलं, "फेबियन, एवढं एक संपदा करेल." त्यावर तो म्हणाला, "नाय. माझं काम हाय, मीच करनार." आणि करायचा नाही.

शनिवारी काम पाठवायचं होतं. ते अर्धवट गेलं तर पुढचं सगळं काम क्लायंट दुसऱ्याला देणार होता, आणि परेशकडे दुसरा क्लायंट नव्हता. फ्लॅटला कुलूप लागलं असतं. शुक्रवारी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "फेबियन, ते चित्र आहे. तुमच्या चित्रापायी आम्ही सगळ्यांनी घरी बसायचं का?"

तेवढ्यात त्याची सासू आली, बर्थामावशी. स्टेशनबाहेर भाजी आणि केळी विकायची, आणि पाटी रिकामी झाली की दुपारी जावयाला डबा घेऊन यायची. क्लारा गेल्यापासून हा रोजचा नेम. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि पडद्याकडे बघितलं. मुलीला ओळखलं.

"हे कशावर अडलंय?" तिनं विचारलं.

"एकेकाला रानात पाठवायचं हाय, मामी. सगळे झाले. आता ही ऱ्हायली."

"मग?"

"माझ्यानं होत नाय." तो पडद्याकडे बघूनच बोलत होता. "हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलेलं, आता काय उरलं नाय, मशीन चालू ठेवायचं का. मी मान हलवली. नको बोललो. तुला सांगितलं ती आपली आपन गेली. ती आपली आपन नाय गेली. मी पाठवली तिला."

परेश दारात होता, तो तिथंच थांबला. मी टाईप करत असल्याचं सोंग केलं.

बर्थामावशीनं बाजूची खुर्ची ओढली आणि बसली. पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले.

"डॉक्टरनं आदी मला विचारलं," ती म्हणाली. "तू खाली औषध आनायला गेलेला. मी आई ना तिची, म्हनून मला. माझ्या तोंडातून शब्द फुटंना. मी बोलले, जावयाला विचारा." डबा त्याच्यापुढे सरकवत ती म्हणाली, "तुझ्यावर टाकलं नि मी च्या प्यायला गेले, फेबियन. रोज डबा घेऊन येते ती कशाला येते, वाटलं तुला?"

फेबियननं मान वळवून तिच्याकडे बघितलं. मी असा चेहरा त्यानं काढलेल्या गावातल्या एकाही माणसाचा पाहिला नव्हता.

"कुठं दाबायचं ते दाव," ती म्हणाली. "ह्या टायमाला मी पाठवते."

त्यानं तिचा हात उचलून माऊसवर ठेवला. केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं. त्याचा हात तिच्या हातावर होता, पण दाबलं तिनंच.

क्लारानं हातातला पाव खाली ठेवला. शाल डोक्यावरून घेतली आणि बर्फातून रानाच्या दिशेनं निघाली. चाल कुठं अडखळली नाही. झाडांपाशी पोचल्यावर ती थांबली, मागे वळली, क्षणभर बघितलं आणि आत गेली.

बर्थामावशीनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला.

"ती वळून बघते ती कोनाकडं?" तिनं विचारलं.

"सगळेच बघतात, मामी," फेबियन म्हणाला. "जो पाठवतो ना, त्याच्याकडं."

"म्हंजे माझ्याकडं," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.