मानपत्रातलं एक वाक्य

भातगिरणीचं मानपत्र मी लिहिलं. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. आग्रह झाला आणि मी नमले, इतकंच.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. घरात मराठी, तीही तमिळ चालीची. उंबरा ओलांडला की सगळं तमिळ. बाळबोध अक्षर वडिलांनी मला पाटीवर गिरवून शिकवलं होतं, म्हणून आज हे लिहू शकते. माझ्या भावंडांना ते कधी आलं नाही. ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या एका खेड्यात मला प्राथमिक शाळेत नोकरी लागली. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं परतायचं. गावात मला सगळे ‘टीचरम्मा’ म्हणत.

शाळेच्या मागे गावाचं पिण्याच्या पाण्याचं तळं होतं. त्याच्या काठावर एका विधवा बाईची झोपडी. पन्नाशीची असेल, पण सगळं गाव तिला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणे. लव्हाळ्याच्या चटया विणून ती पोट भरी. तिचा नवरा तळ्याचा राखणदार होता. तो गेल्यावर ते काम तिच्याकडे कोणी दिलं नाही आणि तिनं ते सोडलंही नाही. हातात शेवरीची काठी घेऊन ती काठावर बसे. कोणी साबण आणला, कोणाची म्हैस उतरली, की तिचा आवाज थेट माझ्या वर्गात येई. पाणी गढूळ झालं की निवळीच्या बिया कशा उगाळायच्या, घागरीला आतून कशा चोळायच्या, हे तिनं माझ्या वर्गातल्या मुलींना शिकवलं होतं. मला तिची थोडी भीतीच वाटायची.

मी रुजू होण्याच्या आदल्या वर्षी गावाबाहेर भातगिरणी आली होती. आमच्याकडे उकडा तांदूळ खातात. त्यासाठी भात मोठ्या हौदांत दोन-तीन दिवस भिजत घालतात, मग उकडतात. त्या भिजवणाचं पाणी काळसर होतं आणि त्याला असा वास सुटतो की जेवण जात नाही. गिरणी ते पाणी मागच्या पाटात सोडायची. पाट आधी गावाबाहेरच्या वस्तीच्या खड्ड्यापाशी जाई आणि पुढे आमच्या तळ्याकडे वळे. वस्तीतल्या लोकांना आमच्या तळ्यावर येऊ देत नसत. ते त्या खड्ड्यातलंच पाणी पीत. त्यांची तक्रार कोणी ऐकली असेल असं मला वाटत नाही. मीही तेव्हा विचारली नव्हती.

पाट्टी मात्र दर आठवड्याला गिरणीच्या दारात जाऊन उभी राही. मालकाला, ज्याला सगळे मुदलाळी म्हणत, ती तोंडावर सांगे, “तुझ्या हौदाचं पाणी तुझ्या घरातल्या घागरीत ओत आणि पी. मग मी गप्प बसते.” मुदलाळी हसून आत जाई. पण गावातले चार लोक थांबून ऐकत, आणि पाणी सोडताना गिरणीवाले जरा बिचकत. काही दिवस हौदाचं पाणी शेजारच्या पडीक रानात सोडलं जाई. मग पुन्हा पाटात.

साठ सालच्या आसपासची गोष्ट असेल. वरच्या कार्यालयातून पंचायतीला कळवलं गेलं की गावातलं पाणी, झाडं, रस्ते सांभाळणाऱ्या माणसांचा आणि धंदेवाल्यांचा सव्वीस जानेवारीला सत्कार करावा. निवड करायला तिघं बसलो: पंचायतीचे अध्यक्ष, आमचे मुख्याध्यापक आणि मी. मला घेतलं कारण माझं अक्षर चांगलं होतं. पहिलं नाव मी पाट्टीचं सांगितलं. दोघांनीही मान डोलावली. मग रस्त्याकडेला करंजाची रोपं जगवणारा एक शेतकरी ठरला, आणि गावातला तेलघाण्याचा मालक, जो पेंड आणि कचरा रस्त्यावर न टाकता खताच्या खड्ड्यात टाकी.

“आणि गिरणी,” अध्यक्ष म्हणाले.

मी म्हटलं, “अध्यक्ष अय्या, गिरणीचं पाणी तळ्यात येतं.”

“पाटानं येतं. पाट गिरणीनं खणला नाही. पन्नास कडुलिंब लावलेत त्यांनी, ते कोणी बघायचं? मांडव त्यांचा आहे, शाली त्यांच्या आहेत. त्यांना वगळून त्यांच्याच मांडवात बसायचं का आपण?”

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत राहिले.

“झाडांचं लिहा ना,” अध्यक्ष मवाळपणे म्हणाले. “सत्कार झाला की माणसाला लाज वाटते, टीचरम्मा. तो आपण होऊन सुधारेल.”

त्या संध्याकाळी मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “लिहून टाक गे. चार चांगले शब्द. त्यानं कोणाचं काय बिघडतं?” मला तेच ऐकायचं होतं. मी झाडांचं लिहिलं. पण एवढंच मानपत्र फार आखूड दिसत होतं. इतरांची चांगली पानभर होती. म्हणून मी एक वाक्य वाढवलं: या गिरणीनं गावाच्या झाडांची आणि पाण्याची काळजी वाहिली आहे. ‘पाण्याची’ हा शब्द कोणी सांगितला नव्हता. तो वाक्याच्या लयीत आला आणि मी तो राहू दिला.

पाट्टी सत्काराला यायला तयार नव्हती. “मला शाल कशाला? गिरणीवाल्याच्या शेजारी मी बसणार नाही.”

मी तिच्या चटईवर बसून तिची समजूत घातली. “वरचे अधिकारी येणार आहेत. तुम्हाला मान मिळाला की तुमच्या शब्दाला वजन येईल. मग ते ऐकतील.”

“तू सांगतेस म्हणून येते,” ती म्हणाली.

ती आली. धुतलेलं लुगडं नेसून, पाय खुर्चीवर घ्यावेत की खाली ठेवावेत हे न समजून, अवघडून बसली. शेजारी मुदलाळी. मी एकेक मानपत्र वाचलं. गिरणीचं वाचताना तिनं माझ्याकडे मान वळवून पाहिलं. ‘पाण्याची’ या शब्दावर माझा आवाज अडखळला नाही, हे मला अजून आठवतं. टाळ्या झाल्या. अधिकाऱ्यांना पुढच्या गावी जायचं होतं. त्यांनी पाट्टीला नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले. ती त्यांच्याशी काही बोलणार होती. तोवर जीप निघाली.

पुढच्या आठवड्यात ती नेहमीप्रमाणे गिरणीवर गेली, आणि तशीच शाळेत माझ्याकडे आली. मी मुलांना गणितं घालून व्हरांड्यात गेले.

“काय म्हणाला माहीत आहे?” ती म्हणाली. “म्हणाला, आपण दोघं एकाच मांडवात बसलो, एकाच ताग्यातली शाल घेतली. आता भांडायचं कशाला? आणि थांबून ऐकणारे हसले. माझ्याकडे बघून हसले, टीचरम्मा. आजवर कधी हसले नव्हते.”

ती एक पाऊल जवळ आली.

“तू ते पाण्याचं का लिहिलंस?”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. ती पायऱ्या उतरून गेली.

त्यानंतर ती गिरणीवर जायची थांबली, काठावर तिची काठीही दिसेनाशी झाली. गिरणीला बिचकायचं कारण उरलं नाही. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरलं, तेव्हा त्यावर तेलकट साय धरू लागली आणि एका सकाळी काठाला मासे पालथे पडलेले दिसले. लोक तेच पाणी फडक्यानं गाळून नेत होते. माझा अर्धा वर्ग जुलाबानं घरी होता. वस्तीत काय चाललंय हे बघायला मी पहिल्यांदा तिकडे गेले, तर तिथे दोन घरांत मूल गेलं होतं. पाण्यानंच गेलं असं डॉक्टर सांगू शकले नसते. डॉक्टर तिथे आलेच नव्हते.

मी आरोग्य खात्याला अर्ज लिहिला. पाट्टीकडे गेले. तिनं काही न विचारता अंगठा दिला. वस्तीतल्या सात जणांनी दिले. गावातून एकही नाही.

खात्याचे तपासणीस आले ते आधी गिरणीत गेले. मला तिथेच बोलावलं. मुदलाळीच्या खुर्चीमागे भिंतीवर मानपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं होतं, झेंडूच्या हारासकट.

“हे अक्षर तुमचं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आणि हा अर्जही तुमचा.”

“हो. त्या कागदावर मी खोटं लिहिलंय.”

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. थकलेले दिसत होते. म्हणाले, “चार महिन्यांपूर्वी तुम्ही खोटं लिहिलंत आणि आता खरं लिहिताय, हे मी कशावरून ठरवू?”

मी त्यांना पाटाकडे घेऊन गेले. त्या दिवशी पाट कोरडा होता. हौद दोन दिवस आधीच रिकामे केले होते.

त्यांनी अहवालात काय लिहिलं हे मला कधी समजलं नाही. नव्या वर्गांच्या आधी माझी बदली झाली, तंजावूरच्या जवळ, जिथं पोचायला बसही लागत नव्हती. घरी सगळ्यांना आनंद झाला. वडील मात्र पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलताना नजर खाली ठेवत.

दोनेक वर्षांनी ओरत्तनाडूच्या बसथांब्यावर मला पाट्टी भेटली. डोक्यावर चटयांची गुंडाळी होती. मीच हाक मारली. तिनं सांगितलं, गावात देवळाजवळ हातपंप बसला आहे, त्यामुळे तळ्याचं पाणी आता कोणी पीत नाही. तिथं कपडे धुतात, म्हशी लोळतात. गिरणीनं दुसरा हौद बांधला आहे. वस्तीतल्यांना पंपावर येऊ देतात का, असं मी विचारलं.

“दुपारी, कोणी नसताना,” ती म्हणाली.

मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं गुंडाळी खाली ठेवली आणि त्यातली एक चटई काढून माझ्यापुढे उलगडली. वीण बारीक होती, कडेला लाल पट्टी. विकत घेतेस का, असं विचारलं. मी घेतली. तिची बस आली, तशी ती उरलेल्या चटया सावरत गर्दीत चढली.