लिनला शिकवलेलं भांडण

स्वतःच्या हाताने स्वतःचं प्रमोशन कसं घालवावं, हे कुणाला शिकायचं असेल तर चहा ओता आणि बसा माझ्यासमोर. फी घेणार नाही.

मी इथे डब्लिनला, सँडीफोर्डच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करतो. मूळचा पुण्याचा, कोथरूडचा. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढे जे झालं त्यात कोथरूडचा वाटा मोठा आहे.

मागच्या वर्षीच्या रिव्ह्यूमध्ये आमचा मॅनेजर ओवन गोड हसून म्हणाला होता, "महेश, काम झकास करतोस. फक्त मीटिंगमध्ये वाद जरा कमी घालशील का?" आयरिश माणूस इतकं स्पष्ट बोलला म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं समजायचं. तेव्हापासून वर्षभर मी तोंडात गुळणी धरून होतो. टीम लीडची जागा रिकामी होती आणि मला ती हवी होती. बायकोने तर माहेरी सांगूनही टाकलं होतं.

आमच्या टीममध्ये लिन आहे. चीनची, शांत, कामाला वाघ. तिची इंग्रजीची परीक्षा जवळ आली होती, म्हणून एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती वही घेऊन कॅन्टीनमध्ये माझ्यापाशी आली. धडा होता भांडणाच्या शब्दांचा. होस्टाईल, कॉम्बॅटिव्ह, अ‍ॅग्रेसिव्ह, बेलिजरंट. प्रत्येकाखाली चिनी अर्थ लिहिलेला, आणि तो चारही ठिकाणी जवळपास सारखाच.

"सगळे भांडतातच ना? मग चार शब्द कशाला?" तिने विचारलं.

आता तुम्हीच सांगा, कोथरूडच्या माणसाला हा प्रश्न विचारावा का? अहो, आमच्याकडे लढवय्या वेगळा, भांडखोर वेगळा, खुसपट काढणारा वेगळा आणि विनाकारण अंगावर येणारा तर फारच वेगळा. मी म्हटलं, "हे पाठ करून येत नाही. करून दाखवतो."

आमच्या सोसायटीतलं पार्किंगचं भांडण घेतलं. माझ्या जागेवर लिनने गाडी लावली आहे, असं धरायचं. आधी होस्टाईल, म्हणून डोळे बारीक करून तिच्याकडे नुसतं बघितलं. मग कॉम्बॅटिव्ह. ती काहीही म्हणो, मी आपला "कोण म्हणतं?" एवढंच विचारत राहिलो. अ‍ॅग्रेसिव्हला खुर्ची ढकलून उभा राहिलो. बेलिजरंटला टेबलावर असा हात आपटला की तिचं सूप सांडलं, आणि अस्सल इंग्रजीत गरजलो, "गाडी काढ, नाहीतर चारही चाकांची हवा सोडतो!"

लिन मान खाली घालून भराभर लिहून घेत होती. लांबून बघणाऱ्याला ती रडतेय असं वाटलं असणार. पण मला कुठे भान होतं? वर्षभराचा उपास सुटत होता हो माझा.

थोड्या वेळाने लक्षात आलं की कॅन्टीन रिकामं झालंय. ओवन दारातून डोकावला. "ऑल ग्रँड?"

"ग्रँड," मी म्हणालो. तो लगेच निघून गेला. इथे आग लागली तरी लोक आधी ग्रँड, म्हणजे सगळं ठीक, म्हणतात, मग दार शोधतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच ओवनची मेल वाचली. तीन वाजता थोड्या गप्पा मारू, काळजीचं काही नाही. मी बायकोला म्हटलं, "इस्त्रीचा शर्ट कुठाय? झालं बहुतेक काम."

"नक्की ना? कुणाला काही बोलला नाहीस ना?"

"वर्षभर तोंड उघडलेलं नाही."

तीनला खोलीत शिरलो तर ओवन, एचआरच्या बाई, लिन, आणि टेबलावर टिश्यूंचा डबा.

"कालच्या प्रसंगाबद्दल दोघांनाही मोकळेपणाने बोलता यावं, म्हणून बसलोय," बाई हळुवारपणे म्हणाल्या.

"कालचा प्रसंग? आम्ही शब्द पाठ करत होतो."

"तू फार कॉम्बॅटिव्ह वागलास, असं तिघांनी कळवलंय," ओवन म्हणाला.

"कोण म्हणतं?"

हे तोंडातून गेलं आणि पुढचं आपोआप झालं. खुर्ची मागे गेली, मी उभा. "अहो, ते भांडण नव्हतं. भांडण कशाला म्हणतात हे तुम्हाला ठाऊक तरी आहे का? तुम्ही नुसते पावसापाण्याबद्दल बोलता!" आणि हात टेबलावर. टिश्यूंचा डबा खाली पडला. ओवन भिंतीला टेकला होता.

लिनने डबा उचलून जागेवर ठेवला. "महेश, बस. पाणी पी," ती शांतपणे म्हणाली.

मी बसलो. पाणी प्यायलो. मग तिने वही उघडून सगळा उलगडा केला. बाई हसल्या, ओवन हसला, सगळ्यात मोठ्याने मी हसलो. प्रकरण मिटलं.

पुढच्या सोमवारी टीम लीडचं नाव जाहीर झालं. लिन.

ती स्वतःच ओशाळून माझ्याकडे आली. "मी तर अर्जही केला नव्हता. ओवन म्हणाला, त्या माणसाला एका वाक्यात खाली बसवणारं ऑफिसात दुसरं कुणी नाही."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, निदान हळहळेल तरी.

"रविवारी जेवायला बोलाव तिला," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली लग्नाला, मला अजून हे जमलेलं नाही."